शाफ्टमधून येणारं पाणी आणि उद्यमनगरातले मामा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरातल्या एका लहान लेथ वर्कशॉपबद्दल लिहितेय. तीन लेथ, एक शेपर, एक हातप्रेस आणि मालक स्वतः मशीनवर उभे. काम मुख्यतः शेतीपंपांचं आणि ऑइल इंजिनांचं. मी तिथं शिडाच्या बोटीचा शाफ्ट घेऊन गेले होते. मालकांना सगळे मामाच म्हणतात, मीही मामाच म्हणते. दुकानाचं नाव लिहू नका, असं त्यांनी मला स्पष्ट सांगितलंय. हातात आहे तेच काम वेळेत होत नाही, म्हणतात. तुम्हाला खरंच गरज असेल तर उद्यमनगरात शिरून इंजिन-पंपाचं कपलिंग (दोन दांड्यांची टोकं जोडणाऱ्या चकत्या) लाईनमध्ये, म्हणजे एका सरळ रेषेत, बसवून देणारे मामा कुठं बसतात, एवढं विचारा. दोन-तीन ठिकाणी विचारलं की पोचाल.

बोट माझी आणि धाकट्या भावाची. 27 फुटी, फायबरची, सेकंडहँड. विजयदुर्गच्या खाडीत असते. मी कोल्हापुरात ज्युनियर कॉलेजला फिजिक्स शिकवते, भाऊ तिकडंच राहतो. बोट शिडावर चालते हे खरं, पण खाडीच्या तोंडाशी वारा पडला आणि ओहोट लागली की आतलं दोन सिलिंडरचं डिझेल इंजिनच आम्हाला घरी आणतं. गिअरबॉक्सपासून मागं पंख्यापर्यंत 25 मिलीमीटर जाडीचा आणि साधारण 1.4 मीटर लांबीचा स्टेनलेसचा शाफ्ट जातो. प्रोपेलरला तिकडचे खलाशी पंखाच म्हणतात, आम्हीही तेच म्हणतो. हा शाफ्ट बोटीच्या बुडातून बाहेर पडतो. म्हणजे पाण्याच्या पातळीखाली बोटीला एक भोक आहे, त्यातून फिरता लोखंडी दांडा गेलाय आणि तरीही पाणी आत यायला नको आहे. हे काम करतो तो ग्लँड.

ज्यांच्या घरी नदीवर पंप आहे त्यांना ग्लँड समजावून सांगायला नको. आमचं शेत पंचगंगेच्या काठाला. आबा इंजिन सुरू केलं की आधी पंपाच्या ग्लँडकडं वाकून बघायचे. "थेंब पडला पायजे," म्हणायचे. पडत नसेल तर नट अर्धा फेरा सैल. धार लागली तर किंचित आवळ. शाफ्टभोवती डोरीची कडी बसवायची, वरून नटानं दाबायची, आणि पाझरणाऱ्या थेंबानंच डोरी थंड आणि ओली राहते. बोटीतही तत्त्व तेच. शाफ्ट फिरत असताना मिनिटाला दोन-चार थेंब, बंद असताना जवळपास काही नाही. फरक इतकाच की शेतात ग्लँड गळला तर पाणी बांधावर जातं. बोटीत ते पोटात साठतं.

आमच्या बोटीत ते 2023 च्या दिवाळीनंतर साठायला लागलं. आधी आठवड्यातून एकदा पाणी काढायचा पंप चालायचा, मग दिवसाआड, मग रोज. भावानं एका मेकॅनिकला बोलावलं. त्यानं ग्लँडचा नट आवळला, पाणी थांबलं, पैसे घेऊन गेला. दोन आठवड्यांनी पुन्हा सुरू. पुन्हा आवळलं. जानेवारीत मी स्वतः गेले होते, अर्धा तास इंजिन चालवल्यावर ग्लँडला हात लावला आणि झटकन मागं घेतला. इतका तापला होता. थेंब एकही नाही, जळक्या डोरीचा वास येतोय, आणि इंजिन बंद केल्यावर मात्र पाण्याची बारीक धार. फिरताना कोरडा आणि थांबल्यावर गळका, म्हणजे डोरी मेलेली आहे. शिवाय इंजिन एका ठरावीक वेगावर आलं की पायाखालची फळी थरथरायची. त्या मेकॅनिकला मी थरथरण्याबद्दल विचारलं होतं. जुनं इंजिन आहे, थरथरणारच, एवढंच उत्तर मिळालं. त्या उत्तरानं आमचे चार महिने गेले आणि शाफ्टही गेला.

मे महिन्यात पावसाळ्यासाठी बोट वर काढली. भावानं शाफ्ट, कपलिंग, पंखा, ग्लँडचा नट, बुडातलं झिजलेलं कटलेस बेअरिंग, सगळं एका बारदानात बांधून पाठवलं. शाफ्ट तेवढा गाडीच्या टपावर. मला वाटलं होतं, त्याच मापाचा नवा दांडा करून घ्यायचा, आठ दिवसांचं काम.

मामांनी शाफ्टकडं बघितलंच नाही. बारदान उपडं केलं आणि बेअरिंग उचललं. कटलेस बेअरिंग म्हणजे पितळी नळी, आत रबराचा थर, त्या रबराला लांबीच्या बाजूनं पन्हाळीसारख्या खाचा. त्या खाचांतून समुद्राचं पाणी खेळतं आणि तेच वंगणाचं काम करतं. मामांनी असलं बेअरिंग बोटीचं म्हणून कधी पाहिलं नव्हतं, पण सबमर्सिबल पंपाचं रबरी बुश त्यांनी हजारदा बदललंय. ते उजेडाकडं धरून आत बघितलं, बोट फिरवलं, मग मलाही फिरवायला लावलं. पुढच्या तोंडाशी रबर खालच्या बाजूनं गेलेलं. मागच्या तोंडाशी वरच्या बाजूनं. मधे चांगलं.

"ताई, हितं इंजिनाचं तोंड कुटल्या बाजूला?"

मी दाखवलं.

"मग इंजिन मागनं खाली बसलंय. कपलिंग खाली दबलंय, शाफ्ट तिरका झालाय. तिरका शाफ्ट हितं खालनं खातोय आन तितं वरनं. पाणी ही शेवटची गोष्ट हाय. पयलं सांगा, इंजिन कशावर बसलंय?"

त्यांनी बोट पाहिली नव्हती. समुद्रावर तर ते आयुष्यात दोनदा गेलेत, तेही गणपतीपुळ्याला. हातातल्या चार इंची नळीवरून त्यांनी दीडशे किलोमीटरवरच्या इंजिनाची मागची फाउंडेशनं खचलीयत हे सांगितलं. आम्ही फोन लावला. भावानं टॉर्च मारून बघितलं: मागची दोन्ही रबरी फाउंडेशनं डिझेल आणि तेल पिऊन फुगलेली, चिरलेली आणि पुढच्यांपेक्षा साधारण 3 मिलीमीटर खाली बसलेली. डिझेल गळून गळून मागच्या बाजूला साठत होतं, तिथलंच रबर गेलं.

त्यानंतर मामा शाफ्टकडं वळले. व्ही ब्लॉकवर ठेवून, मधोमध डायल लावून हातानं फिरवला. काटा जेमतेम हलला. म्हणजे शाफ्ट वाकलेला नव्हता, हे चांगलं. पण ग्लँडच्या जागी तीन खाचा होत्या, बांगडीसारख्या, एकेका डोरीच्या कडीखाली एक. नख फिरवलं की प्रत्येक खाचेत अडकायचं. मायक्रोमीटरनं शाफ्ट इतरत्र 25.00, खाचेत 24.40. आणि खाचांच्या तळाशी टाचणीनं टोचल्यासारखे काळे ठिपके. मामांनी एका ठिपक्यात स्क्राइबरचं टोक घातलं, ते आत गेलं.

हे ठिपके का पडतात ते मला माहीत होतं, आणि मामांना ते नवीन होतं. स्टेनलेस स्टील गंजत नाही कारण त्याच्या पृष्ठभागावर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर असतो आणि ओरखडा आला तरी ऑक्सिजन मिळाला की तो पुन्हा तयार होतो. डोरीखाली मात्र समुद्राचं पाणी महिनोन्महिने तसंच थांबून राहतं, त्यातला ऑक्सिजन संपतो, मिठातलं क्लोराइड आपलं काम करत राहतं आणि थर पुन्हा धरत नाही. म्हणून बोट नुसती उभी असते तेव्हाच शाफ्ट जास्त खराब होतो. मामांनी हे ऐकून दोन प्रश्न विचारले, दोन्ही बरोबर ठिकाणचे. नदीच्या पाण्यात असं का होत नाही, आणि मग स्टेनलेसच्या जातींपैकी 304 घ्यायचं की 316. पंपाचा शाफ्ट असता तर खाचा वेल्डिंगनं भरून पुन्हा टर्न करता आल्या असत्या. मामांनी ते इथं नको म्हणून सांगितलं: वेल्डिंगच्या उष्णतेनं दांडा वाकणार, आणि भरलेल्या जागेच्या कडेलाच खारं पाणी पहिलं तोंड घालणार. नवाच करायचा ठरलं, 316 मध्ये. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं आणि खाऱ्या पाण्यातल्या त्या टाचणीच्या भोकांना तेच अडवतं.

बार आणायला मला सोबत घेऊन गेले. चुंबक लावून 304 आणि 316 मधला फरक कळत नाही, दोन्हींना चुंबक चिकटत नाही. मामांनी दुकानदाराला मॉलीची, म्हणजे मॉलिब्डेनम तपासायच्या द्रवाची, बाटली काढायला लावली. बारवर द्रवाचा थेंब, लहान बॅटरीच्या दोन तारा, रंग बघितला, खात्री केली आणि मगच वजन करू दिलं. दुकानदार ओळखीचा होता, तरीही.

पहिला मतभेद झाला तो डोरीवरून. मामांच्या फळीवर काळी ग्रॅफाइटची डोरी होती, पंपाला ते तीच भरतात, चांगली टिकते, तापत नाही. त्यांना तीच द्यायची होती. मी नको म्हटलं. ग्रॅफाइट, स्टेनलेस आणि खारं पाणी एकत्र आले की बारीकसा विद्युतघट तयार होतो आणि त्यात झिजतं ते स्टेनलेस. गोड्या पाण्यात चालतं ते समुद्रात चालेलच असं नाही. मामा थोडा वेळ गप्प बसले. त्यांच्याच दुकानात, त्यांच्याच कामाबद्दल कोणी मास्तरीण सांगतेय म्हणून राग येईल असं मला वाटलं होतं. तसं झालं नाही. "बाई, मग तुमच्या समुद्राची डोरी तुमीच आणा, भरायची कशी ते मी दावतो," म्हणाले. मी मुंबईहून टेफ्लॉन लावलेली जवसाच्या धाग्याची डोरी मागवली. पुढं कोणी इथं बोटीचं काम घेऊन गेलं तर हे लक्षात ठेवा: मशीनचं काम आणि लाईन काढणं यात मामांच्या शब्दावर निर्धास्त राहा, पण खाऱ्या पाण्यात कुठला धातू कुणाशेजारी ठेवायचा हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे. तो त्यांचा प्रांत नाही, आणि ते तसं मान्यही करतात.

आठ दिवसांचं काम अडीच महिन्यांवर गेलं. यातला काही भाग कुणाच्याच हातात नव्हता. जुलै 2024 मध्ये पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडली, मामांचा एक कारागीर आपल्या गावात अडकला आणि आमच्या शेतातही पाणी होतं. पण पूर येण्याच्या आधीचे तीन आठवडे शाफ्ट भिंतीला टेकून उभा होता. फोन उचलत नाहीत. "सोमवारी या" म्हणतात, सोमवारी गेलं की ऊस कारखान्याचा कुठला तरी जॉब मशीनवर चढलेला. मी चार खेपा घातल्या. ज्यांना तारीख पाळून काम हवंय त्यांनी हे गृहीत धरूनच जावं. बोट वर काढल्या काढल्या, मेमध्येच, काम टाकावं. मला हा त्रास झाला आणि मी तो मामांना तोंडावर सांगितलाय.

शाफ्ट तयार झाल्यावर दुसरी अडचण निघाली. पंखा ज्या टोकावर बसतो ते टोक निमुळतं असतं, 1:10 चा टेपर. मामांनी जुना नमुना लावून टेपर काढला होता. मी पंखा सोबत नेला होता म्हणून आम्ही तिथंच बसवून बघितला. टेपरला निळं, म्हणजे धातू कुठं टेकतो ते दाखवणारा रंग, लावलं, पंखा बसवून काढला, तर निळं फक्त जाड बाजूच्या अर्ध्या भागावर उमटलं होतं. बारीक टोकाकडं धातू धातूला लागतच नव्हता. अशा पंख्याचा सगळा भार कीवर, म्हणजे पंखा शाफ्टवर घसरून फिरू नये म्हणून खाचेत बसवलेल्या लहान पट्टीवर, येतो आणि मग कीवेच्या, म्हणजे त्या खाचेच्या, कोपऱ्यातून शाफ्टला चीर जाते. जुना नमुनाच झिजलेला होता, त्यामुळं त्याच्यावरून काढलेलं मापही चुकलं. मामांनी वाद घातला नाही. टेपर पुन्हा धरला, हलका कट घेतला, मग ग्राइंडिंग पेस्ट लावून पंखा हातानं शाफ्टवर घासत बसले, पाव फेरा पुढं, पाव फेरा मागं, मधूनच उचलून जागा बदलायची. तासभर. शेवटी निळं जवळजवळ सगळीकडं सारखं आलं. त्यानंतर की न घालता पंखा बसवून त्याच्या बॉसच्या, म्हणजे मधल्या जाड भागाच्या, जागी शाफ्टवर खूण केली आणि की घालून पुन्हा बसवला. त्याच खुणेवर आला. म्हणजे पंखा कीच्या डोक्यावर चढत नाही. या सगळ्याचा एक रुपया लावला नाही. तुमचं काम असेल तर पंखा नेल्याशिवाय टेपर करून घेऊ नका.

कपलिंगचं काम मात्र पहिल्यांदाच अचूक झालं. कपलिंग शाफ्टवर ठोकून बसवलं, की घातली, आणि मग शाफ्टसकट लेथवर धरून कपलिंगच्या तोंडावर फेसिंगचा कट घेतला. तोंड सुटं करून कितीही सरळ काढलं तरी शाफ्टवर बसवल्यावर ते किंचित तिरकं बसू शकतं. असं एकत्र केलं की तो प्रश्नच राहत नाही. हे मी सांगायच्या आधीच त्यांनी केलं होतं.

खरं काम विजयदुर्गला झालं. आणि या परीक्षणाचं कारणही तेच आहे, कारण शाफ्ट कोल्हापुरात शंभर जण करून देतील.

नारळी पौर्णिमा झाली, गणपती झाले. अनंत चतुर्दशीनंतरच्या उधाणाच्या भरतीला भावानं बोट पाण्यात उतरवली. लाईन काढायची ती बोट पाण्यात असताना, हे मी आधीच ठरवलं होतं. जमिनीवर टेकू लावून उभी असलेली फायबरची बोट आणि पाण्यात तरंगणारी बोट यांचा आकार एक नसतो. जमिनीवर काढलेली लाईन पाण्यात उतरल्यावर सरकते. म्हणून उतरवल्यावर बोट दोन दिवस तशीच ठेवली, कपलिंग सुटं. शनिवारी पहाटे मामा, त्यांचा एक पोरगा आणि मी राधानगरी, दाजीपूर, फोंडा घाट करत निघालो. डबा घरूनच, मामांना बाहेरचं चालत नाही.

मामांनी बोटीत उतरल्यावर पहिल्यांदा काहीच केलं नाही. इंजिनाच्या खोबणीत उकिडवे बसून दहा मिनिटं नुसतं बघितलं. मग ताणकाटा मागितला. मी कॉलेजमधून आणला होता, आधीच सांगून ठेवलं होतं त्यांनी. कपलिंग सुटं केलं की शाफ्टचं आतलं टोक स्वतःच्या आणि कपलिंगच्या वजनानं खाली लोंबतं. तसंच लोंबत ठेवून माप घेतलं तर लोंबण्याशी लाईन जुळवली जाते. मामांचा हिशेब असा: आत मोकळा लोंबणारा शाफ्ट सुमारे 80 सेंटिमीटर, त्याचं वजन तीन किलोच्या आसपास, त्यातलं अर्धं, अधिक कपलिंगचं दोन किलो. ताणकाट्यानं टोक साडेतीन किलोपर्यंत उचलून धरायचं आणि त्याच उंचीला खाली लाकडाची पाचर सारायची. मी वीस वर्षं पोरांना ताणकाटा शिकवतेय. तो असा कामाला लागलेला मी पहिल्यांदा बघितला.

मग फिलर, म्हणजे फट मोजायच्या पातळ पात्या. दोन तोंडं अगदी जवळ आणायची आणि वर, खाली, डावीकडं, उजवीकडं पाती घालून फट मोजायची. जुन्या फाउंडेशनांवर आकडे आले ते मी वहीत लिहिलेत: वर 0.10, खाली 0.55, डावीकडं 0.30, उजवीकडं 0.35 मिलीमीटर. चार इंची कपलिंगला चार थाऊ (इंचाचे हजारावे भाग), म्हणजे 0.10 मिलीमीटरपेक्षा जास्त फरक नको. इथं वरखाली 0.45. मामांनी शाफ्टचं कपलिंग अर्धा फेरा फिरवून पुन्हा मोजलं. मोठी फट खालीच राहिली, शाफ्टबरोबर फिरली नाही. फट फिरली असती तर दोष शाफ्टचा किंवा कपलिंगच्या तोंडाचा. जागेवर राहिली म्हणजे दोष इंजिनाच्या बैठकीचा. खाली उघडी फट म्हणजे इंजिनाचा मागचा भाग खाली. जूनमध्ये बेअरिंग हातात घेऊन त्यांनी सांगितलं होतं तेच.

त्या दिवशी फक्त चारही फाउंडेशनं बदलली, मागचीच नाही. पुढं जुनं आणि मागं नवं रबर ठेवलं तर दोन्ही वेगवेगळ्या वेगानं खचणार. इंजिन चेनपुलीवर इंचभर उचललं, बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, आडवी टेकवून तिच्यावर पुली बांधली होती. नवी रबरं बसवून इंजिनाचं वजन रात्रभर त्यांच्यावर ठेवलं. रबर पहिल्या काही तासांत बसतं, ते बसल्यावरच मोजायचं.

रविवारी सकाळी मोजायला बसणार तेवढ्यात माझं लक्ष डोलकाठीच्या तारांकडं गेलं. पाण्यात उतरवल्यावर भावानं त्या सैलच ठेवल्या होत्या. मी आधी तारा ताणायला लावल्या. मामांना याची गरज पटली नव्हती. "काठी वर हाय, इंजिन खाली हाय," म्हणाले. तारा ताणायच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा फिलर घातला. खालच्या फटीत 0.05 चा फरक पडला. डोलकाठीच्या तारा पूर्ण बोटीला धनुष्यासारखं किंचित ओढतात. मामांनी पाती पुन्हा घालून खात्री केली, आणि त्यानंतर दिवसभर ते पोराला तेच समजावून सांगत होते.

लाईन काढायला चार तास लागले. मागचे दोन्ही नट सारखेच फिरवायचे, एकषष्ठांश फेरा, नटाच्या एका चपट्या बाजूएवढा. परत मोजायचं. वरखाली जमलं की डावंउजवं, त्यासाठी फाउंडेशनचे पाय खाचेत सरकवायचे. ते जमवताना वरखाली पुन्हा बिघडायचं. मामांनी एकदाही कपलिंगचे बोल्ट आवळून तोंडं एकमेकांना ओढली नाहीत. त्या पहिल्या मेकॅनिकनं तेच केलं होतं, कपलिंगच्या भोकांवरून कळत होतं, भोकं अंडाकृती झाली होती. शेवटी 0.10 ची पाती कुठंही जाईना, 0.08 ची एकाच ठिकाणी जेमतेम जायची. नट लॉक केले आणि लॉक केल्यावर पुन्हा मोजलं, कारण लॉक नट आवळतानाही इंजिन हलतं.

त्यानंतर डोरी. उतरवताना कामचलाऊ भरलेली काढली आणि पोराला समोर बसवून मामांनी नवी भरली. स्प्रिंगसारखी गुंडाळायची नाही, प्रत्येक कडी वेगळी, शाफ्टवर गुंडाळून 45 अंशात तिरकी कापलेली, आणि एकीचा सांधा दुसरीच्या सांध्यासमोर येऊ द्यायचा नाही. तीन कड्या, एकेक लाकडाच्या पट्टीनं आत सारून. नट फक्त हातानं आवळला. इंजिन चालू केलं. पहिल्यांदा धार, मग जलद थेंब, अर्ध्या तासानं मिनिटाला चार. ग्लँडला हात लावला, कोमट. आणि पायाखालची फळी थरथरत नव्हती.

पैशाचं सांगते, कारण मलाही आधी कोणी सांगितलं नव्हतं. बार 2,600, टर्निंग, टेपर, आटे आणि कीवे मिळून 5,500, कपलिंग 1,800, दोन माणसांचे विजयदुर्गचे दोन दिवस 8,000. एकूण 17,900 रुपये, डिझेल आणि राहणं-जेवण आमच्याकडं. फाउंडेशनं, बेअरिंग आणि डोरी मुंबईहून, ते वेगळे 31,000. पक्कं बिल मागून घ्यावं लागतं, आपणहून देत नाहीत.

नोव्हेंबरमध्ये 25 तास इंजिन चालल्यावर भावानं फट पुन्हा मोजली, मामांनी फोनवर सांगितलं तशी. रबर आणखी थोडं बसलं होतं, मागचे नट एकेक बाजू वर घ्यावे लागले. त्यानंतर हात लावलेला नाही. ग्लँडखाली आम्ही वर्तमानपत्राचा कागद पसरून ठेवतो. आठवडाभर उभ्या बोटीत तो कोरडा असतो. गिअरबॉक्सच्या मागच्या सीलमधून जे तेल पाझरायचं तेही थांबलंय, ते शाफ्टच्या ओढाताणीनंच गळत होतं.

पुढच्या मेमध्ये बोट वर आली की बेअरिंग बघायला मामा येणार आहेत. जूनमधलं जुनं बेअरिंग त्यांनी मला परत दिलं नाही. ते त्यांच्या लेथवरच्या फळीवर आहे, आणि नवीन पोरगा कामाला लागला की त्याच्या हातात देऊन आत बोट फिरवायला लावतात.